एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला पांझरा

1819 साली धुळे कसे होते, हे कॅप्टन जॉन ब्रिग्जने थोडक्यात लिहून ठेवले आहे. गाव लहान, भोवती बागायती मळे, आणि पाट व नदी या दोहोंच्या मध्ये ते कोंडलेले. माणसे 2,509, घरे 401. एवढ्या वर्णनात धुळ्याच्या पुढच्या दोनशे वर्षांची कुंडली आली आहे, असे मला वाटते. पाटाने गाव जगवले, नदीने ते अधूनमधून मागून घेतले आणि या दोन्हींमधली जागा कोणी, कशी वापरायची हा वाद अजून मिटलेला नाही.

पाचोऱ्याच्या माणसाने धुळ्याच्या पुराचा इतिहास कशाला चाळावा? कारण सरळ आहे. पाचोऱ्याची हिवरा, चाळीसगावची तितूर आणि धुळ्याची पांझरा या तिन्ही नद्यांची खोड एकच. वर्षातले आठ महिने नदी आहे की वाळूचा रस्ता आहे हे कळू नये, आणि उरलेल्या चारांतल्या एखाद्या रात्री तिने थेट बाजारपेठेत यावे. फरक एवढाच की पांझरेची दप्तरे भरपूर उरली आहेत, हिवरेची फारशी नाहीत.

ब्रिग्ज हा खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनीकडे आला तेव्हा त्याची अवस्था बिकट होती. 1803 मध्ये होळकरांच्या फौजांची लूट आणि पाठोपाठ दुष्काळ, या दुहेरी तडाख्यात धुळे पार ओस पडले होते. दुसऱ्या वर्षी विंचूरकरांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले. लळिंग आणि सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकरांना दिलेले होते. बाळाजी बळवंतांनी लळिंगच्या किल्ल्यावर न राहता खाली धुळ्यात बस्तान मांडले, आणि ब्रिग्जनेही तीच जागा पसंत केली. जानेवारी 1819 मध्ये त्याने कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळवली, लांबलांबून कारागीर बोलावले आणि सुमारे 27,000 रुपयांत इमारती उभ्या केल्या.

मग त्याने व्यापाऱ्यांना बोलावणे धाडले. घरासाठी जागा फुकट, तीही कायमची, वर पक्के घर बांधायला तगाई. जुन्या रहिवाशांना ही सवलत होती आणि बाहेरून येणाऱ्यालाही होती. आज धुळ्यात नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळसोट, समांतर गल्ल्या दिसतात, त्या या नव्या पेठेच्या आखणीतल्या. पुण्या-नाशकाच्या जुन्या पेठांतून आलेला माणूस आग्रा रोडवर उभा राहिला की त्याला हे गाव कोणीतरी पट्टी लावून आखल्यासारखे दिसते. आखलेच होते तसे. जुने धुळे मात्र नदीला खेटून, वाकड्यातिकड्या बोळांचे राहिले.

आता ब्रिग्जने पाहिलेल्या त्या मळ्यांकडे वळू. ते तिथे आले पांझरेवरच्या फड पद्धतीमुळे. साक्री तालुक्यातल्या डोंगरांतून उतरणाऱ्या या नदीवर ओळीने बुटके दगडी बंधारे आहेत, त्यांतले कित्येक तीनशे वर्षांहून जुने. बंधारा पाणी साठवत नाही, फक्त त्याची पातळी उचलून ते पाटात वळवतो. पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून पाणी शेतात उतरते. लाभक्षेत्राचे तीन-चार मोठे तुकडे पाडायचे, त्या प्रत्येकाला फड म्हणायचे, आणि एका फडात सगळ्यांनी त्या वर्षी एकच पीक घ्यायचे. कोणाचेही शेत बंधाऱ्याजवळ आहे म्हणून त्याला जास्त पाणी मिळत नाही. पाणी सोडायचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे काम जागल्याचे, आणि भांडण झालेच तर निवाडा पंचांचा. दरसाल पावसाळ्यानंतर गाव पाटावर उतरे, गाळ काढी, बंधाऱ्याचे निखळलेले दगड बसवी. न येणाऱ्याला दंड असे.

फड पद्धतीचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत मीही आहे, पण तिने पूर अडवला असे कोणी म्हणू नये. बुटक्या बंधाऱ्यावरून पूर सहज उडी मारून जातो. बंधारा तसा बांधलेलाच असतो. फडाने केले ते वेगळे. नदीकाठची जमीन सर्वांत मोलाची पिकाऊ जमीन झाली, आणि अशा जमिनीवर कोणी घर बांधत नाही. पूर आला तरी तो उसात आणि भातात शिरे. नुकसान होई, पण ते एका हंगामाचे. वर गाळ मिळे तो वेगळाच.

धुळ्याचे आभाळ आणि धुळ्याची नदी यांचा मेळ नसतो. शहर पर्जन्यछायेत, वर्षाकाठी जेमतेम 500-600 मिलिमीटर पाऊस. पण पांझरा आणि तिला मिळणारी कान या नद्या उगम पावतात त्या पश्चिमेकडच्या डोंगरात, तिथे पाऊस याहून पुष्कळ जास्त. त्यामुळे धुळ्यात ऊन पडलेले असताना गढूळ लोंढा येऊ शकतो. डोंगराचा उतार तीव्र, जमीन उथळ मुरमाड, आणि खाली काळी माती एकदा भिजली की पाणी आत घ्यायला तयार नाही. पाणी उतरते ते तासांच्या हिशेबात.

खानदेशात पुराची नोंद नवी नव्हती. कंपनी सरकार स्थिरस्थावर होत होते तेव्हाच, 1822 मध्ये तापीने 65 गावे साफ धुऊन नेली आणि आणखी 50 गावांचा काही भाग तोडला. अडीच लाखांचे नुकसान झाल्याचे सरकारी दप्तर सांगते. पण ती तापी. तापी मोठी, तिचा धाक सगळ्यांना होता. पांझरेचा तसा धाक कोणाला नव्हता.

आणि याच काळात गाव फुगत होते. 1863 पर्यंत वस्ती दहा हजारांवर गेली. 1862 मध्ये नगरपालिका आली. कापसाच्या तेजीची ही वर्षे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना खानदेशी कापूस हवा होता, आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरचे धुळे हा त्या व्यापाराचा मोठा मुक्काम. 1872 च्या शिरगणतीत वस्ती 12,489 भरली. म्हणजे अर्ध्या शतकात पाचपट. गावाच्या एका अंगाला पाट तसाच होता, दुसऱ्या अंगाला नदीही तशीच. मग ही पाचपट माणसे मावली कुठे? माझा तर्क असा की काही नव्या पेठेत गेली आणि बाकीची ब्रिग्जच्या वर्णनातल्या मळ्यांच्या दिशेने सरकली. सरकारने फुकट जागा देऊन माणसे बोलावली, पण ती नदीपासून किती लांब बसवायची याचा नियम कुठे केलेला दिसत नाही. त्या काळी तो कुठल्याच शहरात नव्हता.

सप्टेंबर 1872 मध्ये, म्हणजे शिरगणतीच्याच वर्षी, पांझरा आणि गिरणा एकाच वेळी चढल्या. पावसाळ्याची अखेर, जमीन तुडुंब भिजलेली, आणि त्यावर पश्चिम डोंगरात पुन्हा पाऊस. धुळ्यातली 500 घरे वाहून गेली. साडेबारा हजारांच्या गावात 500 घरे म्हणजे किती, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीशी ताडून पाहावे. समोरच्या काठावरचे एक अख्खे गाव पाहता पाहता नाहीसे झाल्याचे गॅझेटियर नोंदवते. जिल्ह्यात एकूण 152 गावांना या पुराचा फटका बसला. सरकारी आणि खाजगी मदतीवर हजाराहून अधिक लोकांना तगवावे लागले.

गॅझेटियरचा खानदेशाचा खंड 1880 मध्ये निघाला, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली. त्यात या पुराबद्दल जे आहे ते साहेबाच्या कोरड्या भाषेत, आकड्यांत. मातीच्या भिंतींची, धाब्याची घरे पाण्यात कशी बसतात हे त्याने लिहिलेले नाही, पण खानदेशात जुने घर पाहिलेल्याला ते सांगायला नको. पांढऱ्या मातीची दीड-दोन हात जाडीची भिंत ऊन अडवते, चोर अडवते, पाऊसही बऱ्यापैकी सोसते. पायथ्याशी पाणी दोन प्रहर उभे राहिले की मात्र ती खालून विरघळते आणि वरचे सगळे धाबे, लाकडी सऱ्यांसकट, एकदम खाली येते. अशा घराला पूर लोटून नेत नाही, ते जागीच मातीला मिळते. म्हणून 500 घरे हा आकडा लोंढ्याच्या जोरापेक्षा पाणी किती वेळ थांबले याची साक्ष देतो असे मला वाटते.

पुरानंतर काय झाले? गाव उठून दुसरीकडे गेले नाही. जुने धुळे आहे तिथेच पुन्हा उभे राहिले. इंग्रज सरकारने मोठी तटबंदी बांधली नाही की वस्ती हलवली नाही. चार वर्षांत 1876-77 चा दुष्काळ दख्खनवर कोसळला आणि पुराची आठवण त्याखाली दबली. पाण्याचा विचार पुन्हा सुरू झाला तो पाणी कमी पडते म्हणून.

त्याच विचाराच्या ओघात, पुरानंतर बारा वर्षांनी, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण धुळ्याला आला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झालेल्या या माणसाला पहिलेच महत्त्वाचे काम मिळाले ते पांझरेवर, दातर्तीजवळ: प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे. असा सायफन ही ऐकायला साधी गोष्ट. पाणी एका काठावर उंचावरून नळात उतरते, तळाखालून जाते आणि दाबामुळे दुसऱ्या काठावर आपोआप वर येते. मधे पंप नाही, माणूस नाही. पण नळ बसवायला पात्र खणावे लागते, आणि पात्र खणायला नदीची परवानगी लागते. पावसाळा लागला, पूर येऊ लागले, खणलेल्या चरात वाळू भरू लागली. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवले की काम पावसाळ्यानंतर करू. उत्तर आले ते शिस्तीचा धडा देणारे. तरुण अधिकारी मुकाट्याने कामाला लागला आणि पुरांच्या खेपांमधल्या उघडिपी साधत दोनेक महिन्यांत सायफन पुरा केला. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत, नव्वदीत असताना, त्यांनी हा प्रसंग आवर्जून सांगितला आहे. म्हैसूरचे दिवाणपद, कृष्णराजसागर, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे हे सगळे करून झालेल्या माणसाला पांझरेच्या चरातली वाळू विसरता आली नव्हती.

पुढे याच माणसाच्या हातून शहरी पूरनियंत्रणाचे एक मोठे काम झाले, पण ते हैदराबादेत. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदी हैदराबादच्या मध्यवस्तीत घुसली. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. निजामाने 1909 मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावले. शहराच्या वेशीवर भिंत बांधा, असे सांगणे सोपे होते. त्यांनी वर पाहिले. मुसीच्या पाणलोटात लहानमोठे शेकडो तलाव होते. पुराच्या दिवशी त्यांतले बरेच एकामागून एक फुटले होते, आणि एकाचे पाणी दुसऱ्याला फोडत खाली आले होते. तेव्हा पूर शहरात नव्हे, शहराच्या वर अडवायचा. त्यातून मुसीवर उस्मानसागर (1920) आणि ईसी नदीवर हिमायतसागर (1927) हे जलाशय झाले. शिवाय 1912 मध्ये स्थापलेल्या नगरसुधार मंडळाने नदीकाठ साफ केले, बांधीव काठ, बागा आणि रस्ते केले, आणि पुढे हायकोर्ट, उस्मानिया रुग्णालय अशा भव्य इमारती नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उद्ध्वस्त मध्यवस्ती शहराची शान झाली.

त्याच हैदराबादेत नंतर मुसीच्या पात्रातल्या बेटावर राज्यातले सर्वांत मोठे बसस्थानक बांधले गेले. वर दोन धरणे आहेत, नदी आता येणार नाही, या भरवशावर.

धुळ्याला वरची धरणे मिळाली ती हळूहळू आणि सिंचनासाठी. पिंपळनेरजवळ लाटीपाडा, कानवर मालनगाव, जामखेलीवर एक, आणि अलीकडच्या काळात अक्कलपाड्याचा निम्न पांझरा प्रकल्प. यांतल्या प्रत्येकाने खालच्या प्रवाहातून थोडे थोडे पाणी काढून घेतले. शहराजवळचे फड आक्रसत गेले, मळ्यांचे प्लॉट पडले, पाटात सांडपाणी आले. पांझरा शहरात उरली ती रुंद, कोरडी, कोणाचीच नसलेली जागा. नदीवर रोज काम असणारी माणसे उठून गेली की पात्र आधी कचऱ्याला आणि मग झोपड्यांना मिळते. या झोपड्यांतल्या माणसांना दोष देणे मला पटत नाही. त्यांना शहरात दुसरीकडे जागा देणारा ब्रिग्ज या शतकात भेटला नाही.

गेल्या दशकात तत्कालीन आमदार अनिल गोटे यांच्या पुढाकाराने पांझरेच्या दोन्ही तीरांनी रस्ते झाले, एकेका बाजूला सुमारे साडेपाच किलोमीटर. त्यावरून शहरात बरेच राजकारण पेटले, कोर्टकचेऱ्या झाल्या. ते बाजूला ठेवले तर कल्पनेत एक गुण होता हे मान्य करायला हवे: दीडशे वर्षांत प्रथमच शहराने नदीकडे तोंड केले. संध्याकाळी देवपूरचा माणूस एकवीरादेवीच्या बाजूने नदीकाठी फिरायला निघू लागला. दोष दुसरीकडे होता. काठाचा रस्ता भराव घालून करतात, आणि भरावाने नदी तेवढी अरुंद होते. ऑगस्ट 2019 मध्ये अक्कलपाड्यातून पाणी सोडावे लागले तेव्हा पांझरा शहरातल्या पुलांवरून वाहिली, काठच्या वस्तीत शिरली आणि नव्या कामांचीही नासधूस करून गेली. धरण होते, दरवाजे होते, इशारेही दिले गेले. नदीला जायला पूर्वीएवढी जागा नव्हती.

पाटबंधारे खाते नकाशावर दोन रेषा काढते. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मज्जाव, निळ्या-लालच्या मध्ये अटींवर परवानगी. नियम चांगला आहे. पण ज्या गावात घरे आधी आणि रेषा नंतर आली, तिथे रेषा काढणाऱ्याच्या हातावर दहा जणांचे लक्ष असते. रेषा चार हात इकडे सरकली तर एखाद्याच्या प्लॉटची किंमत दामदुप्पट होते. आणि मोठ्या नदीला रेषा लवकर मिळते, गावातून जाणाऱ्या ओढ्यासारख्या नदीची पाळी शेवटी येते.

चाळीसगावला 31 ऑगस्ट 2021 रोजी पहाटे हेच भोगावे लागले. पाटणादेवीच्या अंगाच्या डोंगररांगांत रात्रभर अतिवृष्टी झाली, कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला, आणि तितूर व डोंगरी या दोन नद्या शहराच्या ऐन बाजारपेठेत भेटल्या. एरवी पायी ओलांडाव्यात अशा या नद्या. दुकानांची शटरे पाण्याने आत दाबली गेली, नदीकाठच्या गावांत दावणीची शेकडो गुरे दावणीलाच मेली. ‘नदीले पूर उना’ असे सांगत सुटायला कोणाला वेळच मिळाला नाही.

पाचोऱ्याची मांडणी धुळ्याहून छोटी, पण जात तीच. हिवरा अजिंठ्याच्या डोंगरातून उत्तरेकडे गिरणेला जाते. अलीकडे बाजारपेठ, पलीकडे कृष्णापुरी, मधे पूल. वर खडकदेवळ्याला हिवरा मध्यम प्रकल्प. तो भरला की गावात आनंद होतो, कारण विहिरींना पाणी येणार असते. तो भरला की नदीकाठच्यांना झोप लागत नाही, कारण पुढचा प्रत्येक थेंब सांडव्यावरून खालीच येणार असतो. दोन्ही माणसे एकाच वॉर्डात राहतात.

हिवरेच्या काठी सुशोभीकरण करायचे, तर भिंत, भराव आणि काँक्रीटचा ओटा हा धुळ्याने करून पाहिलेला मार्ग आहे. दुसरा मार्ग खानदेशात पूर्वापार होता. हिवाळा सरला, पाणी आटले की गिरणा-तापीच्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या पडत. वाळूत खड्डे खणून, त्यात शेणखत घालून वेल लावायचे, पालाची झोपडी टाकायची, उन्हाळाभर फळ विकायचे, आणि मृग लागायच्या आत पाल गुंडाळून काठावर यायचे. पात्राचा पुरेपूर वापर, आणि पुराच्या वाटेत एक वीटही नाही. आठवडे बाजार, गुरांचा बाजार, जत्रेची दुकाने, पोरांचे क्रिकेट, हे सगळे पात्रालगतच्या सखल पट्ट्यावर बसू शकते आणि एका दवंडीसरशी उठूही शकते. पक्की दुकाने आणि घरे त्याच्या वर, बाजारपेठेच्या उंच अंगाला. नगरपालिकेला यातून गाळ्यांचे भाडे मिळणार नाही, ही खरी अडचण आहे, आणि अशा योजना तिथेच अडतात.